दोघांचा तंटा, दोघांतच निकाल



गणित म्हणजे आंकड्यांची बेरीज-वजाबाकी, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही आढळतो. आज ज्या कल्पनेची ओळख करून द्यावयाची आहे, तींत आंकडे फारसे नाहींत. प्रश्न मात्र एक आहे. दोन समान योग्यतेच्या पक्षांची जुळणी करावयाची असेल, तर ती त्या दोघांच्याच बळावर होईल, कीं तिऱ्हाइतास बोलवावें लागेल?

कागदाचा एक समभुज त्रिकोण कापून घ्या. तो उचलून पुन्हा त्याच जागीं बरोबर बसविण्याच्या रीती सहाच आहेत: तीन फेरे (त्यांत मुळींच न हलविणें हा एक) आणि तीन पलट्या. कोणत्याही दोन रीती लागोपाठ केल्या तरी या सहांपैकींच एक निघते. म्हणून या समुदायास गट म्हणतात. 'न हलविणें' व एक पलटी मिळून होतो तो दोघांचा उपगट. आतां कोणत्याही दोन पलट्या घ्या. पहिली, दुसरी, पुन्हा पहिली अशा केल्या कीं तिसरी पलटी निघते. मग तिसरी, पहिली, पुन्हा तिसरी अशा करा. हातीं येते ती दुसरीच! म्हणजे पहिलीची दुसरी झाली, आणि मध्यस्थ तिसरी त्या दोघींतूनच निर्माण झाली.

आतां चौरस घ्या. उभ्या मध्यरेषेवरची पलटी पाव फेऱ्याच्या साहाय्यानें आडव्या मध्यरेषेवरची होते. परंतु या दोन पलट्यांतून अर्धा फेरा तेवढा निघतो, पाव फेरा कधींच निघत नाहीं. येथें तिऱ्हाइतावांचून गत्यंतर नाहीं.

त्रिकोणांतल्यासारख्या उपगटास प्रोनॉर्मल असें नांव आहे. ही कल्पना फिलिप हॉल यांनीं केंब्रिज येथील व्याख्यानांत मांडली. मूळ मात्र जुनें आहे. १८३२ मध्यें द्वंद्वयुद्धांत विसाव्या वर्षीं मृत्यु पावलेल्या गाल्वानें, कसेंही हलविलें तरी जागा न सोडणाऱ्या नॉर्मल उपगटांचें महत्त्व ओळखलें होतें. पुढें १८७२ मध्यें सिलोव या नॉर्वेतील शाळामास्तरानें दाखविलें कीं, गटाच्या संख्येस भागणाऱ्या एखाद्या मूळसंख्येच्या मोठ्यांत मोठ्या घाताइतके जे उपगट असतात, ते सर्व एकमेकांचीं प्रतिरूपें असतात. असे दोन उपगट मिळून जो लहान गट होतो, त्यांतही ते सिलोव-उपगटच राहतात. म्हणून त्यांचा निकाल तेथल्या तेथें लागतो.

याचा उपयोग काय? इटलीच्या फ्रात्तिनीनें १८८५ मध्यें वापरलेली युक्ति पाहा. नॉर्मल उपगटाच्या आंत असा गुणी उपगट असला, तर मोठ्या गटांतील प्रत्येक क्रियेचे दोन भाग पडतात: एक त्या नॉर्मल उपगटांतला, दुसरा गुणी उपगटास न ढळविणारा. अवाढव्य गटाचा अभ्यास अशा रीतीनें लहान तुकड्यांवर येतो. या युक्तीला पूर्ण प्रोनॉर्मलता लागतेच असें नाहीं. एकच हालचाल पुनःपुन्हा, उलटसुलट केल्यानें जीं प्रतिरूपें निघतात, त्या सर्वांची मदत घेण्याची मुभा दिली कीं 'दुर्बल प्रोनॉर्मल' उपगट मिळतो. आणि युक्तीला नेमका तोच पुरतो. चौरसांत मात्र पाव फेरा कितीही वेळां केला तरी त्याच दोन पलट्या आलटून-पालटून येतात. म्हणून तेथें ही सवलतही फुकट जाते.

हें शास्त्र संपलेलें नाहीं. ज्यांच्या आंत नॉर्मल उपगट असा उरतच नाहीं, ते सरल गट. अशा सांत गटांत विषम निर्देशांकाचा प्रत्येक उपगट प्रोनॉर्मल असावा, असें अनुमान रशियांतील व्डोविन व रेविन यांनीं २०१२ मध्यें केलें. कोंद्रात्येव, मास्लोवा व रेविन यांनीं तें अनेक कुळांसाठीं सिद्धही केलें. परंतु पुढें सिंप्लेक्टिक नांवाच्या कुळांत त्यांनाच अपवाद सांपडले. अनुमान मांडणाऱ्या दोघांपैकीं एकजण तें खोडणाऱ्या तिघांतही होता, हें ध्यानांत घ्यावें. स्वतःच्या मताचा निकाल स्वतःच लावण्याची ही वृत्ति ज्या शास्त्रांत नांदते, तें शुष्क आहे असें कोण म्हणेल?