खेळातले स्थळ
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणच्या-मुरंब्यांपासून वारसाहक्काच्या कायद्यापर्यंत नाना विषयांवर भाषणे झाली. आजचा विषय मात्र पुष्कळजणींना नवखा वाटेल. आपली मुले आणि नातवंडे संगणकावर जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांतल्या एका जातीच्या खेळांविषयी मी बोलणार आहे. आणि त्यातही एका नाजूक बाबीविषयी. ह्या खेळांत खेळणाऱ्याला प्रेम करता येते, लग्नही लावता येते. ते प्रेम पुरुषाचे पुरुषावर वा स्त्रीचे स्त्रीवर असले, तर त्याला खेळात जागा द्यावयाची की नाही, हा तो प्रश्न. ‘हे आपल्याला कशाला?’ असे कोणी विचारील. थोडा धीर धरावा; उत्तर आपोआप मिळत जाईल, अशी माझी समजूत आहे.

ह्या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात, म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाचे खेळ. भूमिका घेण्यातली गंमत मराठी माणसाला समजावून सांगावयास नको. ‘मानापमान’ नाटकात बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना भामिनीच मानले. इथे फरक एवढाच, की संहिता पुरी बांधलेली नसते. आपले पात्र स्त्री असावे की पुरुष, त्याचे नाव काय, चेहरा कसा, हे आपण ठरवावयाचे. मग वाटेत सोबती भेटतात. ते काही बोलले की पडद्यावर तीन-चार उत्तरे येतात, त्यांतले एक आपण निवडावयाचे. गोड बोललो तर सोबती जवळ येतो, तोडून बोललो तर दुरावतो. ह्या जवळिकीतूनच पुढे प्रेमाचे कथानक उभे राहते.

आपल्याला जवळचे वाटेल असे उदाहरण देते. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा २०१६ साली निघालेला शेतीचा खेळ. एरिक बरोन ह्या अमेरिकन तरुणाने तो एकट्याने केला. चित्रे, संगीत आणि मजकूरसुद्धा त्याचाच. आजोबांनी ठेवलेली पडीक जमीन नांगरावयाची, पाणी घालावयाचे, कोंबड्या-गाई पाळावयाच्या आणि गावकऱ्यांशी सलोखा ठेवावयाचा. गावात लग्नाची बारा स्थळे आहेत; सहा मुलगे आणि सहा मुली. आठवड्यातून दोनदा भेटवस्तू द्यावी, वाढदिवस लक्षात ठेवावा, तसतशी स्नेहाची बदामे वाढत जातात. आठ बदामे झाली की दोनशे मोहरांचा पुष्पगुच्छ देऊन मनातले सांगावयाचे. दहा झाली की पावसाळी दिवशी समुद्रकाठी जाऊन एका म्हाताऱ्या खलाशाकडून पाच हजार मोहरांचे निळे पदक आणावयाचे, म्हणजे लग्न ठरले. आपले पात्र स्त्री असो वा पुरुष, बाराही स्थळे त्याला मोकळी आहेत. दोघी बायकांनी संसार मांडला, तर मूल दत्तक येते. माझ्या भाचीच्या शेजारी बसून मी हा खेळ पाहिला.  लग्नाला सगळे जमतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेताला पाणी घालावयाचे असतेच.

परंतु ही मोकळीक काही पहिल्या दिवसापासून नव्हती. कॅनडातील एडमंटन शहरी बायोवेअर ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक व्यवसायाने डॉक्टर होते. तिच्या ‘बाल्डर्स गेट २’ ह्या २००० सालच्या खेळात प्रेमाची कथानके आली. पण त्यांची वाटणी पाहा. खेळणाऱ्याचे पात्र पुरुष असेल तर त्याला तीन नायिका, आणि स्त्री असेल तर तिला एकच नायक! बाईच्या वाट्याला एकच स्थळ, पसंत असो वा नसो. आपल्यापैकी किती जणींना ह्याचे नवल वाटेल? समलिंगी प्रेमाला तर जागाच नव्हती. म्हणजे कोणाला निवड मिळावी हा प्रश्न ह्या खेळांत आधी स्त्रियांचाच होता. समलिंगी माणसांचा प्रश्न त्याच धाग्याचे पुढचे टोक आहे.

तुरळक अपवाद होते, आणि ते मौजेचे आहेत. १९९८ सालच्या ‘फॉलआउट २’ ह्या खेळात एका गावी खाटकाचा मुलगा किंवा मुलगी ह्यांच्याशी सूत जमवले, की बाप बंदूक घेऊन येतो आणि तिथल्या तिथे लग्न लावून देतो. नवरदेव कोण आणि नवरी कोण, ह्याची चौकशी तो करीत नाही! दुसरा प्रसंग १९९९ सालचा. ‘द सिम्स’ हा घरसंसाराचा खेळ तयार होत होता. समलिंगी संबंध त्यात ठेवू नयेत असे ठरले होते. पण पॅट्रिक बॅरेट नावाच्या नव्या प्रोग्रॅमरच्या हाती जुना आराखडा पडला आणि त्याने ते घालून टाकले. लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात लग्नसमारंभाचे दृश्य चालू असता, त्यातल्या दोन स्त्रीपात्रांनी आपण होऊन एकमेकींचे चुंबन घेतले. बोभाटा झाला, पण खेळाचे नावही सर्वतोमुखी झाले. पुढच्या वर्षी तो बाजारात आला तेव्हा ती मोकळीक तशीच राहिली.

बायोवेअरनेही हळूहळू दार उघडले. २००३ साली ‘स्टार वॉर्स’च्या खेळात जुहानी ही योद्धी स्त्री-नायिकेकडे ओढली जाते, पण ते सारे आडून आडून. २००५ साली ‘जेड एम्पायर’मध्ये दोन पात्रे स्त्री-पुरुष दोघांनाही प्रतिसाद देऊ लागली. २०११ साली ‘ड्रॅगन एज २’मध्ये मुख्य चारही सोबती तसे झाले. २०१२ साली ‘मास इफेक्ट ३’मध्ये स्टीव्ह कॉर्टेझ हा वैमानिक आला. त्याचा नवरा गेलेला आहे, आणि तो त्याचा उल्लेख ‘माझा नवरा’ असाच करतो. एखादी विधवा बाई जसे दुःख करील, तसेच तो करतो. कोठे ओशाळेपणा नाही.

वाट मात्र सरळ नव्हती. २०१३ साली ‘स्टार वॉर्स’च्याच दुसऱ्या एका खेळात समलिंगी पात्रांशी प्रेमालापाची सोय झाली, पण मेकेब नावाच्या एकाच नव्या ग्रहावर, आणि तीही जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी. जणू गावकुसाबाहेर वेगळी वस्ती करून दिली. त्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती.

आता येथे एक खरा वाद आहे, आणि दोन्ही बाजूंनी समंजस माणसे आहेत. एक पक्ष म्हणतो, प्रत्येक सोबत्याने खेळणाऱ्याला प्रतिसाद द्यावा, मग तो स्त्री असो की पुरुष. कोणाचीच निराशा नको. बेल्जियममधील लॅरियन कंपनीने २०२३ सालच्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये हेच केले, आणि त्या खेळाला त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला. ज्या मालिकेत बाईला एकच स्थळ होते, त्याच मालिकेची ही तेवीस वर्षांनंतरची गोष्ट. दुसरा पक्ष म्हणतो, माणसाला स्वतःची घडण असते. जो ज्याला त्याला हो म्हणतो, त्याला स्वतःचे मन आहे असे कसे म्हणावे? म्हणून २०२० सालच्या ‘सायबरपंक २०७७’मध्ये जूडी फक्त स्त्री-नायिकेवर प्रेम करते आणि केरी फक्त पुरुष-नायकावर. नकार मिळतो, तो सोसावा लागतो.

माझे मत विचाराल, तर शेतीच्या खेळात पहिली रीत शोभते आणि मोठ्या कथेत दुसरी. कारण दुसऱ्या रीतीने डोरियनसारखे पात्र जन्मास येते. २०१४ सालच्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ ह्या खेळातला हा तरुण बड्या घराण्यातला आहे. बापाला वंशासाठी त्याचे लग्न करून द्यावयाचे आहे. मुलाचा ओढा पुरुषांकडे आहे हे कळल्यावर बाप रक्ताच्या जादूने त्याचे मनच पालटू पाहतो, आणि मुलगा घर सोडतो. पुढे एका खाणावळीत बाप-लेक समोरासमोर येतात. आपण डोरियनच्या शेजारी उभे असतो, आणि त्याने बापाचे ऐकून घ्यावे की चालते व्हावे, ह्याचा सल्ला आपल्याला द्यावयाचा असतो. हे पात्र लिहिणारे डेव्हिड गेडर ह्यांनी आपण स्वतः समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. जादूची गोष्ट सोडली, तर ह्या प्रसंगात परके काय आहे? मुलाला बदलण्यासाठी नवससायास, औषधपाणी, घाईचे लग्न हे उपाय आपल्याकडेही झालेच आहेत. आणि त्या घाईच्या लग्नात एका परक्या मुलीचे आयुष्यही होरपळते, हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

हाच खेळ २०१४ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानात विक्रीस यावयाचा होता. प्रकाशक कंपनीने तो ऐनवेळी मागे घेतला. स्थानिक अश्लीलताविरोधी कायद्यांचा भंग होऊ नये म्हणून, एवढेच कारण तिने दिले. नेमका कोणता मजकूर, ते सांगितले नाही. पण आदल्याच वर्षी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दंडसंहितेचे ३७७ कलम कायम ठेवून समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरविले होते, आणि लोकांनी त्या दोन गोष्टींची सांगड घातली. २०१४ च्या डिसेंबरात त्या खेळाला ‘द गेम अवॉर्ड्स’चा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र अशा विवाहास मान्यता देण्याचे त्याने नाकारले. म्हणजे पाच हजार मोहरांचे निळे पदक खेळातच मिळते.

विरोध केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. २००७ साली सिंगापूरने ‘मास इफेक्ट’वर अशाच एका प्रसंगापायी बंदी घातली आणि थोड्याच दिवसांत ती उठवून प्रौढांसाठी असा शिक्का मारला. २०११ साली एका खेळणाऱ्याने तक्रार केली, की आमच्यासारख्या बहुसंख्यांकडे दुर्लक्ष होते. गेडर ह्यांच्या उत्तराचा आशय असा, की खेळ सर्वांसाठी आहे, आणि ज्याला नको त्याने नाही म्हणावे. पंगतीत एखादा पदार्थ आपल्याला नको असला तर आपण पानावर हात आडवा धरतो, वाढप्याला घरी पाठवीत नाही.

आणखी एकच प्रसंग सांगते. २०१८ सालच्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ ह्या प्राचीन ग्रीसच्या खेळात नायक किंवा नायिका कोणावरही प्रेम करू शकत असे. पण जानेवारी २०१९ मध्ये जो पुढचा भाग आला, त्यात नायिकेने आजवर केवळ स्त्रियांवर प्रेम केले असले, तरी तिला पुरुषाबरोबर संसार करून मूल होऊ देणे भाग पडले. घराण्याचे रक्त पुढे चालले पाहिजे म्हणून. त्यावर यशाचे चिन्ह म्हणून जे बिरुद मिळे, त्याच्या नावाचा अर्थ ‘मोठे होणे’ असा होता! खेळणारे संतापले. कर्त्यांनी क्षमा मागितली, बिरुदाचे नाव बदलले, संवादांत फेरफार केले. मूल मात्र राहिलेच. ‘आता पोरकटपणा पुरे, वंशाला दिवा हवा’ हे वाक्य ऐकलेली बाई ह्या सभेत एकही नसेल, असे मला वाटत नाही. तो संताप समजण्यास खेळ खेळता येण्याची गरज नाही.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. हे सगळे खेळ लहान मुलांचे नव्हेत. ‘बाल्डर्स गेट ३’ आणि डोरियनचा खेळ ह्यांना युरोपात अठरा वर्षांवरील असा शिक्का आहे. वेष्टनावरचे वय वाचावे आणि ते पाळावे. शेतीचा खेळ मात्र त्या मानाने निरुपद्रवी आहे.

भगिनींनो, घरातल्या एखाद्या मुलाला वा मुलीला आपले मन इतरांसारखे नाही असे कळू लागते, तेव्हा ते बोलून दाखविण्याची किंमत फार मोठी असते. प्रसंगी घरच जाते. खेळात तेच वाक्य निवडून पाहावयास काही पडत नाही. उत्तर होकाराचे आले, नकाराचे आले, तरी रात्री जेवावयास आपलेच घर असते. कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात, असे एके काळी आपल्याकडे म्हटले जाई. मुली बिघडल्या नाहीत. आपल्यासारखे दुःख आणखी कोणाला तरी आहे, एवढे त्यांना कळले. ह्या खेळांचे कार्य मला तसलेच दिसते.

म्हणून माझी विनंती लहानशी आहे. उद्या घरातले कोणी खेळत बसलेले दिसले, तर दिवा मालवण्याआधी जवळ बसून विचारावे, ‘तुझ्या गोष्टीत पुढे काय झाले? तुझा सोबती कोण?’ जे नाव येईल ते शांतपणे ऐकून घ्यावे. तेवढ्यावर पुष्कळ काही अवलंबून असू शकते.