शून्य लोकसंख्येची ग्रामपंचायत



ईशान्य फ्रान्समधल्या म्यूझ जिल्ह्यात व्हर्दून शहर आहे. त्याच्या जवळच, टेकड्यांच्या कुशीत, फ्लरी-देवां-दुओमाँ नावाचं गाव होतं. पहिल्या महायुद्धापूर्वी त्याची वस्ती ४२२. शेती आणि लाकूडकाम हे तिथले धंदे. चर्च, शाळा, पावाची भट्टी, लोहारकाम, बायकांचा धुणं धुण्याचा सार्वजनिक हौद, सगळं होतं. क्रांतीनंतर फ्रान्सनं लहानमोठ्या प्रत्येक गावाला ‘कोम्युन’ म्हणून सारखाच दर्जा दिला. मोठ्या शहराला मेयर असतो, तसा फ्लरीलाही होता.

२१ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मन तोफांनी व्हर्दूनवर मारा सुरू केला आणि गावकऱ्यांना घरं सोडावी लागली. भर हिवाळ्यात, हाताला लागेल ते घेऊन माणसं निघाली. चारच दिवसांत दुओमाँचा किल्ला पडला. तो किल्ला आणि सुवीलचा किल्ला यांच्या मधोमध फ्लरी येत होतं, म्हणजे व्हर्दूनच्या वाटेवरच. जूनमध्ये जर्मनांनी विषारी वायूचे गोळे टाकून गाव घेतलं, ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी परत घेतलं. त्या दोन महिन्यांत फ्लरीचा ताबा सोळा वेळा बदलला असं सांगतात. शेवटी ताबा घ्यायला उरलं काय होतं? एक भिंत उभी नव्हती. रस्ता कुठला आणि अंगण कुठलं, हे तिथे लहानाचा मोठा झालेल्या माणसालाही ओळखता आलं नसतं.

युद्ध संपलं, पण गावकऱ्यांना परत जाता येईना. मातीत न फुटलेले गोळे होते, रसायनं होती आणि मृतदेह होते. सरकारनं हा टापू ‘लाल पट्टा’ ठरवला आणि पुढे त्यावर झाडं लावली. व्हर्दूनभोवतीच्या अशा नऊ गावांना ‘फ्रान्ससाठी प्राणार्पण केलेली’ असं म्हटलं जातं. वीरगती पावलेल्या सैनिकासाठी वापरायचे शब्द गावांना लावले गेले. त्यांपैकी सहा गावांत आजही कुणी राहत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९१९ चा निर्णय. ही गावं नकाशावरून पुसायची नाहीत, असं फ्रान्सनं कायद्यानं ठरवलं. मतदारच नाहीत, तेव्हा निवडणूक कशी होणार? म्हणून जिल्ह्याचा प्रेफे, म्हणजे सरकारनं नेमलेला प्रमुख अधिकारी, तिघांची समिती नेमतो आणि तिच्या अध्यक्षाला मेयरचे अधिकार मिळतात. अधिकृत लोकसंख्येच्या तक्त्यात फ्लरीची ओळ असते आणि तिच्यापुढे शून्य असतं. बेचिराग गावं आपल्या महसुली दप्तरातही आहेत. त्यांचं नाव उरतं, शिवार उरतं, पण त्यांच्या वतीनं बोलणारं कुणी उरत नाही. फ्लरीच्या वतीनं बोलायला मात्र माणूस आहे. काही लोकांना हा नुसता भावनेचा खर्च वाटेल. मला तसं वाटत नाही. गाव म्हणजे आज तिथे चूल पेटवणारी माणसं एवढंच असतं, तर ज्यांना घालवून दिलं त्यांचा गावावरचा हक्क त्याच दिवशी संपला असता.

आणि फ्लरीच्या हद्दीत माणसं नाहीत असं तरी कसं म्हणायचं? दुओमाँचं प्रसिद्ध अस्थिस्मारक याच हद्दीत येतं. तिथे सुमारे १,३०,००० अनोळखी फ्रेंच आणि जर्मन सैनिकांच्या अस्थी एकत्र ठेवल्या आहेत. समोरच्या दफनभूमीत सोळा हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक आहेत. १९८४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर कोल याच जागी हातात हात घेऊन उभे राहिले. २०१३ मध्ये गावात एका घराच्या तळघराच्या जागी २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. लढाईला तेव्हा सत्त्याण्णव वर्षं झाली होती, तरी बिल्ल्यांवरून काहींची नावं कळली.

आज झाडीतून फिरताना तोफगोळ्यांच्या खड्ड्यांमध्ये खुणेचे दगड दिसतात. इथे भट्टी, इथे शाळा, इथे लोहार. वंशज स्मरणदिनाला येतात.

अलीकडे फ्रान्समध्ये लहान कोम्युन एकत्र करण्याकडे कल आहे. शेजारची दुओमाँ आणि व्हो ही त्या नवांतलीच दोन गावं, थोडी वस्ती असलेली. २०१९ मध्ये ती एक झाली. फ्लरी अजून स्वतंत्र आहे, आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं.