पाटावरून उठताना



मध्यमवर्गीय मराठी घरात एक दृश्य हमखास दिसते. कर्ता पुरुष साठीच्या आसपास निवृत्त होतो आणि त्या दिवसापासून त्याच्या हातची कामे एकेक करून काढून घेतली जातात. भाजीची पिशवी मुलगा घेतो, दळण सून आणते. पाट जाऊन जेवणाचे टेबल येते, भारतीय बैठकीचे शौचालय जाऊन कमोड येतो. "बाबा, तुम्ही कशाला उठता? आम्ही आहोत ना!" हे वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते. त्यामागे प्रेम असते, कृतज्ञता असते, संस्कारही असतात. पाच-सात वर्षांनी घरात सत्यनारायणाची पूजा निघते. बाबा पाटावर कसेबसे बसतात. पण उठण्याची वेळ येते तेव्हा दोघांनी दोन्ही बाजूंनी धरावे लागते. जमलेली मंडळी म्हणतात, "वय झाले आता!"

वय झाले, हे खरेच आहे. पण तो दोष सगळा वयाचा का?

स्नायूंची झीज साधारणतः मध्यम वयातच सुरू होते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने या झिजेला 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ मांसाची उणीव. मात्र या झिजेत वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा वाटा किती, याचा हिशेब लावू गेल्यास काही धक्कादायक गोष्टी हाती येतात. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षे वयाच्या, पूर्णतः निरोगी अशा मोजक्या स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. खाणेपिणे व्यवस्थित, आजार कोणताही नाही. तरीही त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू कमी झाले! दहा दिवसांत वय किती वाढते? ही झीज वार्धक्याची नव्हे, विश्रांतीची होती. ज्येष्ठांना किरकोळ तापातही 'पंधरा दिवस सक्तीची विश्रांती' देणाऱ्या आपल्या घराघरांतील हौशी वैद्यांनी याचा विचार करायला हवा.

शरीर कमावण्याची आपल्याकडची परंपरा या बाबतीत अधिक शहाणी होती. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे नाव आज चित्रसंग्रहालयामुळे घेतले जाते. पण सूर्यनमस्काराला घराघरांत नेण्याचे त्यांचे कार्य तितकेच मोठे आहे. १८६८ साली जन्मलेल्या या राजाने तरुणपणी सँडोच्या पद्धतीचा पाश्चात्त्य व्यायाम केला आणि पुढे चाळिशीच्या सुमारास तो सोडून सूर्यनमस्कार धरले, ते कायमचे. संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली, गावोगाव प्रचार केला. १९३६ साली ते इंग्लंडला गेले, तेव्हा सत्तरीकडे झुकलेल्या या गृहस्थाची ताठ चाल पाहून लुईस मॉर्गन या पत्रकार बाई थक्क झाल्या. त्यांनीच संपादन केलेले पंतांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघाले. याच औंधात अनेक वर्षे राहिलेले वेदमूर्ती श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही व्यायामाचे आणि योगासनांचे पुरस्कर्ते. ते वयाची शंभर वर्षे पूर्ण करून १९६८ साली निवर्तले. महर्षी अण्णासाहेब कर्वे तर हिंगण्याहून पुण्यास चालत जात-येत. त्यांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले.

अर्थात, थोरांच्या दीर्घायुष्याची उदाहरणे देऊन व्यायामाचे माहात्म्य सिद्ध होत नाही. आनुवंशिकता असते, दैव असते. ज्याने आयुष्यभर एकही नमस्कार घातला नाही असा नव्वदीचा चुलता प्रत्येकाच्या नात्यात असतोच, आणि व्यायामाचा विषय निघाला की त्याचे उदाहरण ठेवणीतून काढले जाते! म्हणून प्रश्न वेगळा विचारला पाहिजे. ज्यांनी कधी शरीर कमावले नाही, ज्यांची शक्ती आधीच ओसरली आहे, अशांना ती परत मिळते का?

या प्रश्नाचे उत्तर १९९० साली बोस्टन येथील एका वृद्धाश्रयात मिळाले. डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल वृद्धांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनांचा व्यायाम दिला. आठवडे आठ, व्यायाम आठवड्यातून तीनदा, आणि वजने लुटुपुटीची नव्हेत, तर त्यांच्या ताकदीला आव्हान देणारी. नऊ जणांनी हा क्रम पूर्ण केला. त्यांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे मूळच्या पावणेतीन पट झाली. मांडीच्या मध्यभागी स्नायूंचा घेर सुमारे ९ टक्क्यांनी भरला. दोघांनी हातातील काठी सोडली. चार वर्षांनी त्याच गटाने शंभर वृद्धांवर मोठा प्रयोग केला. सरासरी वय ८७, दहा आठवडे व्यायाम. शक्ती दुपटीहून अधिक झाली. त्या प्रयोगात काहींना केवळ पौष्टिक पेय दिले होते, व्यायाम नव्हता. त्यांना शक्तीच्या बाबतीत काहीच लाभ झाला नाही. डबाबंद भुकट्यांच्या जाहिराती पाहून आईवडिलांसाठी महागडे डबे आणणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "आम्ही रोज सकाळी चालायला जातो," असे अनेक ज्येष्ठ अभिमानाने सांगतात. चालणे उत्तमच. हृदयाला, रक्तशर्करेला, मनाला, सगळ्याला ते हितकर. बागेतील बाकावरच्या गप्पांचा वेळ त्यातून वजा करावा लागतो, एवढेच! परंतु सपाट रस्त्यावर चालण्याने मांडीची शक्ती फारशी वाढत नाही. खुर्चीतून उठणे, जिना चढणे, पाय घसरला असता तोल सावरणे, ही कामे शक्तीची आहेत आणि शक्ती भार उचलल्यानेच येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात पासष्टीपुढील लोकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहेच. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळणारा व्यायामही सांगितला आहे.

त्यासाठी व्यायामशाळेचे शुल्क भरण्याची गरज नाही. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली भक्कम खुर्ची पुरते. हात छातीशी घडी करून ठेवावेत, उठावे, बसावे. ही आपली जुनी बैठकच, फक्त वयाला साजेशी अर्धी. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते हे मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात पुरुषाला १२ आणि स्त्रीला १० वेळाही जमत नसेल, तर पाय कमी पडू लागले आहेत आणि पडण्याचा धोका वाढला आहे, असा जाणकारांचा निकष आहे. हे सोपे झाले की दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एकेक बाटली घ्यावी. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, भिंतीला हात लावून जोर काढावेत. ज्यांना सवय आहे त्यांनी सूर्यनमस्कार चालू ठेवावेत. मात्र काचबिंदू, अनियंत्रित रक्तदाब किंवा अलीकडे हृदयविकार झालेल्यांनी डोके खाली जाणाऱ्या स्थितींबाबत आधी वैद्यांना विचारावे. सत्तरीत नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच दिवशी बारा नमस्कार घालण्याचे शौर्य दाखवू नये.

आपल्या मांडी घालून बसण्याच्या रीतीलाही आधुनिक संशोधनाने अनपेक्षित साक्ष दिली आहे. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ आराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ व्यक्तींना जमिनीवर बसून उठायला सांगितले. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा, तोल डळमळला की अर्धा. पुढे सुमारे सहा वर्षे या लोकांची माहिती ठेवली. ज्यांना तीन वा त्याहून कमी गुण मिळाले, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण आठ वा अधिक गुण मिळवणाऱ्यांच्या पाच-सहा पट होते. जमिनीवरून उठल्याने मरण टळते असा याचा अर्थ नव्हे. ज्याला उठता येते त्याच्यात बळ, लवचीकपणा आणि तोल हे तिन्ही शिल्लक असतात, इतकाच. ज्यांचे गुडघे खरोखर झिजले आहेत किंवा ज्यांची सांधेबदलाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी जमिनीचा हट्ट धरू नये. पण ज्यांना अजून बसता येते, त्यांचा पाट माळ्यावर टाकण्याची घाई कशासाठी?

घरातील मातृवर्गाविषयी वेगळे सांगायला हवे. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होत जातात. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत स्वयंपाकघर चालवणारी आई परावलंबी होते. त्यातच तिचे रात्रीचे जेवण म्हणजे उरलेली पोळी आणि चहा! पन्नास किलो वजनाच्या ज्येष्ठ व्यक्तीला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यांच्या सल्ल्यानेच चालावे. वरणाच्या पाण्यात एवढी प्रथिने नसतात. घट्ट वरण, मोडाची उसळ, पिठले, दही, दूध, शेंगदाणे, चालत असल्यास अंडे, हे तिच्या ताटात पडते की नाही, इकडे सुनेइतकेच मुलानेही पाहावे.

बोस्टनच्या त्या पहिल्या प्रयोगाला एक उत्तरार्धही आहे. आठ आठवडे संपले, वजने बाजूला ठेवली गेली आणि मंडळी पूर्ववत खुर्चीत बसली. चारच आठवड्यांनी त्यांची शक्ती पुन्हा मोजली. ती ३२ टक्क्यांनी उतरली होती.