पप्पांची वही

(स्मरणभक्तीत व्यक्त केलेले मनोगत)



पप्पा प्रभूमध्ये विसावले तेव्हा उशाशी पवित्र शास्त्र होते आणि त्याखाली त्यांची दोनशे पानी वही. सातपुड्यात धडगावकडच्या पाड्यांवरील सिकलसेलच्या मुलांची नावे तिच्यात आहेत. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या कधी दिल्या, ताप कधी आला, दिवाळीनंतर कोणते घर ऊसतोडीला गुजरातेत गेले, सगळे पेन्सिलीने. मुक्काम बदलला की खोडता यावे म्हणून.

कुठे लग्न ठरले की ते दोन्ही घरी जात आणि पावरीत समजावत: दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के, आधी रक्त तपासून घ्या. लोक चिडत. एकदा अंगावर कुत्रे सोडले. पप्पा घरी येऊन हसले, आई मात्र रडली. आठवड्याने ते पुन्हा त्याच घरी गेले. (उपदेश करणे त्यांना कधी जमले नाही, हे पाळकसाहेबही मान्य करतील.)

मातीला डोंगर उतरून आलेली माणसे तुम्ही पाहिलीत. वही आता माझ्याकडे आहे. मला पावरी मोडकीतोडकीच येते, म्हणून ती बोलणारा एखादा तरुण सोबत हवा. ऊसतोडीच्या गाड्या भरायच्या आत गोळ्या पोहोचवायच्या आहेत.