ग्रंथालय : पुस्तकांचे आणि हातांचेही
(सुवर्ण महोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मंगल प्रसंगी मला शालेय ग्रंथालय या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले, याबद्दल मी संयोजकांचा आभारी आहे. मी काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आयुष्यभर कापडाच्या गादीवर बसलेला एक व्यापारी आहे. तेव्हा व्यापाऱ्याच्या दृष्टीने जे दिसते, तेवढेच आपणापुढे मांडणार आहे.

आमच्या व्यवसायात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकायला मिळते. गिऱ्हाईक कापड नुसते डोळ्यांनी पाहून घेत नाही. तो त्याचा पोत बोटांनी चाचपतो, उजेडात धरतो, मुठीत चुरगाळून पाहतो. हात लावू न देणाऱ्या दुकानातला माल दुकानातच राहतो. त्याला आम्ही पडीक माल म्हणतो. अनेक शाळांतील ग्रंथालयांची आज हीच अवस्था आहे. कपाटे आहेत, कुलपे आहेत, दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा क्रमांकही आहे. मात्र मुलाचा हात त्या पुस्तकापर्यंत पोहोचत नाही. याचा दोष ग्रंथपालांना देणे योग्य नव्हे. पुस्तक हरवले तर जाब त्यांना विचारला जातो, पुस्तक कोणीच वाचले नाही तर मात्र कोणी विचारत नाही. अशा हिशेबपद्धतीत कुलूप लावणेच शहाणपणाचे ठरते.

आपल्या समाजाला ग्रंथसंग्रहाची थोर परंपरा आहे. जैसलमेर, पाटण येथील ज्ञानभांडारे जगप्रसिद्ध आहेत. आपल्या विदर्भातील कारंजा येथील भांडारांतून डॉ. हीरालाल जैन यांनी अपभ्रंश भाषेतील मोलाचे ग्रंथ उजेडात आणले. परंतु याच परंपरेतील दुसरी एक हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटते. कर्नाटकातील मूडबिद्री येथे षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके जतन केलेली होती. भाविक दुरून येत, दर्शन घेत आणि परत जात. वाचणारे जवळजवळ कोणी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद जव्हेरी आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी या ग्रंथाच्या प्रती करवून घेण्यासाठी पुढाकार घेतला. पुढे १९३९ साली अमरावतीहून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड छापून प्रसिद्ध झाला आणि कालांतराने सोळा खंड पूर्ण झाले. केवळ दर्शनाचा ग्रंथ अभ्यासाचा ग्रंथ झाला, आणि त्या कामाला चालना देणारे हे दोघे आपल्यासारखेच व्यापारी होते, हे मला येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. ग्रंथालयाच्या खोलीतच मुलांना वाचता यावे, प्रयोग करता यावेत, वस्तू बनवता याव्यात, अशी व्यवस्था जगभर होऊ लागली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील फेएटव्हिल या गावच्या वाचनालयाने २०११ च्या सुमारास असा विभाग सुरू केला. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेल्या ऊडी या ग्रंथालयात पुस्तकांबरोबर थ्रीडी प्रिंटर आहेत आणि शिवणयंत्रेही आहेत. ग्रंथालयात शिवणयंत्र, हे वाचून माझ्यातील कापडवाला सुखावला, हे सांगायला हरकत नाही.

परंतु यासाठी परदेशाकडेच पाहावे असे नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करता करता शिकणे, हेच तेथील शिक्षणाचे सूत्र. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली याच पाबळमध्ये उभी राहिली. पुण्यातील आयुका संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात श्री. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून शेकडो खेळणी घडवली आणि विज्ञान शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपल्या वाशी स्टेशनवरून खाडीपूल ओलांडला की पहिलेच स्टेशन मानखुर्द. तेथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासूनच्या परंपरेने हेच कार्य करीत आहे. मार्गदर्शन एका स्टेशनाच्या अंतरावर आहे.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये अटल इनोव्हेशन मिशन सुरू केले. त्याखाली निवडलेल्या शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी पाच वर्षांत मिळून वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद झाली. योजना उत्तम आहे. पण ज्या शाळांची निवड झाली नाही, त्यांनी काय करावे? नवी मुंबईत जागेचा भाव आपण सर्व जाणतो. नवी खोली बांधणे बहुतेक शाळांना परवडणारे नाही. ग्रंथालयाची खोली मात्र बहुतेक शाळांत आहे. तीच मोकळी करावी, असे माझे नम्र निवेदन आहे.

मोकळी करणे म्हणजे पुस्तके काढून टाकणे नव्हे. उंच कपाटे भिंतीला लावावीत, मुलांच्या उंचीचे उघडे मांड असावेत. मधली जड टेबले काढून घडीची, हलकी टेबले आणावीत, म्हणजे सकाळी वर्तुळात वाचन आणि दुपारी गटागटाने काम, अशी एकाच खोलीची दोन रूपे होतील. एका कोपऱ्यात सतरंजी अंथरून शांत वाचनाची जागा राखावी. एका फळीवर कात्री, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर टांगावेत आणि प्रत्येकाच्या मागे त्याची आकृती रंगवावी. म्हणजे कोणते हत्यार परत आले नाही, हे शिक्षकांना एका नजरेत कळेल.

आणि हे काम पुस्तकाशी जोडलेले असावे. ठाणे खाडीत दरवर्षी फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी येतात. २०२२ साली या परिसराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मुलाने पक्ष्यांचे पुस्तक वाचावे, रोहित आपली चोच उलटी धरून चिखलपाण्यातून अन्न कसे गाळतो हे समजून घ्यावे, आणि दोन कंगवे एकमेकांवर ठेवून गढूळ पाण्यातून मोहरी गाळून पाहावी. ते मूल पुन्हा पुस्तकाकडे जाईल, कारण आता त्याला स्वतःचा प्रश्न पडलेला असेल. पुठ्ठ्याला खाचा पाडून ताणा आवळला आणि त्यातून बाणा ओवला की वीण म्हणजे काय ते कळते, सम-विषम संख्याही कळतात. त्यासाठी लागणारे कटपीस आम्ही कापडवाले आनंदाने देऊ.

काही ज्येष्ठांनी मला प्रश्न विचारला की, पुस्तकांच्या सान्निध्यात डिंक, कात्री आणि गलका, ही ज्ञानाची आशातना नव्हे काय? प्रश्न श्रद्धेचा आहे, आणि त्याचा आदरच केला पाहिजे. पुस्तकाला पाय लागू नये, ते जमिनीवर पडू नये, कामाची जागा व पुस्तकांची जागा वेगळी असावी, हे नियम पाळावेतच. परंतु आपली हस्तलिखिते तरी कशी निर्माण झाली? ताडपत्रे कापून, घोटून, शाई सिद्ध करून, लाकडी पट्ट्यांवर चित्रे काढून. ज्ञानपंचमी असो वा श्रुतपंचमी, आपण ग्रंथ बाहेर काढतो, झटकतो, पुसतो. हात आणि ज्ञान यांची फारकत आपल्या पूर्वजांनी कधी केली नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे वर्षानुवर्षे न उघडलेले पुस्तक, हीच मोठी आशातना होय.

शेवटी दानाविषयी. आपला समाज दानशूर आहे. कपाट दिले की त्यावर नाव कोरता येते. खिळे, डिंक, बॅटरीचे सेल यांवर नाव कोरता येत नाही, म्हणून त्यासाठी देणगी मिळत नाही. मात्र असे उपक्रम बंद पडतात ते बहुधा याच किरकोळ, दरवर्षीच्या खर्चावाचून. उद्घाटनाला सर्व येतात, दुसऱ्या वर्षी सामान संपते आणि खोलीला पुन्हा कुलूप लागते. वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून सुचवतो की, या सुवर्ण महोत्सवानिमित्त मिळणाऱ्या देणग्यांतून एक कायम निधी उभारावा. त्याच्या व्याजातून परिसरातील एका गरजू शाळेच्या ग्रंथालयाचा वार्षिक खर्च आणि शिक्षकांचे प्रशिक्षण भागवावे. सुरुवात एकाच शाळेपासून करावी. फाटलेले पुस्तक आणि हरवलेला स्क्रू ड्रायव्हर यांची रक्कम खर्चात धरावी, शिक्षकांकडून वसूल करू नये. वर्षअखेर हिशेब पाहताना किती पुस्तके शिल्लक राहिली हे न विचारता, किती पुस्तके मुलांच्या हातांत गेली, हे विचारावे.

विश्वस्त मंडळाने या सूचनेचा विचार करावा, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.