लसीचे कार्ड विसरू नका



आपल्यापैकी कित्येकींच्या लेकी-सुना मुलांना घेऊन अमेरिकेस जातात. लोणची-पापड आठवणीने बांधले जातात. मुलाच्या लसीचे कार्ड मात्र कपाटातच राहते. तिकडे शाळेत नाव घालताना ते मागतातच.

तेथे प्रत्येक राज्याचे नियम निराळे. तरी गोवर, गालगुंड व रुबेला या तिन्हींवरच्या लसीचे दोन डोस बहुधा लागतात. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. तीत गालगुंडाची लस नसते. शिवाय नवव्या महिन्यातला डोस तेथे धरीत नाहीत. कांजिण्यांची लसही लागते. ती इकडे खासगी डॉक्टरांकडेच घ्यावी लागते.

उलट बी.सी.जी. आपल्याकडे जन्मल्याबरोबर टोचतात, तिकडे सर्रास देत नाहीत. तिच्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी कधी कधी क्षय नसतानाही दोष दाखवते. अशा वेळी घाबरू नये; रक्ताची चाचणी करता येईल का, ते विचारावे.

तारखांचेही पाहा. तेथे महिना आधी लिहितात. ५-८ म्हणजे आपला पाच ऑगस्ट, त्यांचा आठ मे! म्हणून महिना अक्षरांत लिहवून घ्यावा, वर डॉक्टरांची सही-शिक्का घ्यावा.

नोंद नसली तर लस पुन्हा टोचतात. त्यात सहसा धोका नसतो. पण एका कागदापायी लेकराला पुन्हा सुया का सोसायला लावाव्यात? तेव्हा पासपोर्टाशेजारी हे कार्ड ठेवा, एवढेच माझे सांगणे.