यंत्रातला हिरा आणि घासणाऱ्याची मजुरी



हिऱ्यावर बोलायला युनियनवाला कशाला, असे आपणांस वाटले असेल. हिरा बोटात घालण्याची आमची ऐपत नाही. पण तो घासणाराही कामगारच आहे, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

आधी एक गैरसमज दूर करू. यंत्रात केलेला हिरा म्हणजे काच नव्हे, की बाजारातला तो 'अमेरिकन डायमंड'ही नव्हे. तो हिराच. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, आपल्या शेगडीतल्या कोळशाचा भाऊबंद. स्मिथसन टेनंट या इंग्रजाने १७९७ साली हिरा जाळूनच हे सिद्ध केले. मग कोळशाचा हिरा का होऊ नये? डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉलने तो केला. (स्वीडनमध्ये जवळपास दोन वर्षे आधीच झाला होता, पण त्यांनी वाच्यता केली नाही.) या रीतीत वितळलेल्या धातूत कार्बन विरघळवतात आणि हवेच्या दाबाच्या पन्नास हजार पटींवर दाब देतात. कंपनीने हॉलला बक्षीस काय दिले? दहा डॉलरचा बचतरोखा! पुढे त्याने नोकरी सोडली, तर स्वतःचेच यंत्र वापरण्याची त्याला बंदी. बिचाऱ्याने दुसरे यंत्र शोधून काढले.

दुसरी रीत सौम्य आहे. हिऱ्याची पातळ चकती बीज म्हणून बंद पात्रात ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन वायू सोडून तापवतात. दुधावर साय धरावी तसा चकतीवर कार्बनचा थर चढत जातो. काही आठवड्यांत खडा तयार. साध्या भिंगातून सराफालाही फरक खात्रीने सांगता येत नाही, त्याला उपकरण लागते. तेव्हा पावतीवर स्पष्ट लिहून घ्या. आणि हौसेला घ्या, अडीनडीला मोडण्यासाठी नको. डी बिअर्स कंपनीने २०१८ साली असे दागिने कॅरटला आठशे डॉलरने विकायला काढले. भाव इतके कोसळले की २०२५ साली तिने तो धंदाच गुंडाळण्याचे जाहीर केले.

आता आमचा मुद्दा. जगातले बहुतेक हिरे सुरतेत घासले जातात, खाणीतलेही आणि यंत्रातलेही. मजुरी बहुतांशी नगावर. २०२३-२४ च्या मंदीत तिथल्या कारखान्यांनी सुट्ट्या लांबवल्या, काम घटले. दोष एकट्या नव्या हिऱ्याचा नव्हे; अमेरिका-चीनमधली मागणीही आटली होती. पण भाव पडला की पहिली कात्री नगाच्या दराला लागते, हे कोणत्याही धंद्यात आम्ही पाहत आलो आहोत. खडा स्वस्त झाला म्हणून मऊ होत नाही. तो हिऱ्याच्याच भुकटीने सराणेवर घासावा लागतो. गोल खड्याला सत्तावन्न पैलू पाडायचे ते पाडायचेच, डोळ्यांना ताणही तितकाच. मग दर पैलूंवर आणि लागणाऱ्या वेळावर ठरवा, बाजारभावावर नको, एवढे आमचे मागणे आहे. त्याआधी हजेरीपत्रकावर त्या माणसाचे नाव तरी चढू द्या; नगावर काम करणाऱ्याचे ते पुष्कळदा नसतेच.